येणारं पाणी आणि जाणारं पाणी

तीर्थरूप मामांस,

दोन्ही हात कोपरापर्यंत साबणाने धुऊन, वाळवून आणि मग जोडून केलेला नमस्कार. मामींनाही तोच, पण जरा लांबून. तुमचा गुडघा आता कसा आहे? (उजवा की डावा ते मी विसरलो. जो दुखत होता तो.) मामींचा खोकला साधाच आहे ना? हल्ली कुणी खोकलं की आमच्याकडची माणसं आधी दोन पावलं मागे सरकतात आणि मग आपुलकीने चौकशी करतात, तेव्हा मीही लांबूनच विचारतोय याचं वाईट वाटून घेऊ नका. इकडे सगळं ठीक. तुमची भाचेसून तब्येतीने ठणठणीत आहे आणि घरातली एकूण एक वस्तू धुते आहे. परवा तिने दाराची घंटा ओल्या फडक्याने पुसली. तेव्हापासून ती घंटा आपली आपणच वाजते, आम्ही घाईघाईने तोंडाला फडकी बांधून दार उघडतो आणि बाहेर कुणीच नसतं. साथीच्या दिवसांत पाहुणे असेच असावेत, असं तिचं म्हणणं आहे.

फोन सोडून पत्र का लिहितोय, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही दुसऱ्याच वाक्याला प्रश्न विचारता आणि उत्तर मिळेपर्यंत गप्प बसता. तुमचं ते गप्प बसणं मला लहानपणापासून सोसत नाही. पत्रात माणसाला आपल्या चालीने मुद्द्यावर येता येतं, किंवा न येताही राहता येतं. शिवाय जे झालं त्याचा माझ्या डोक्यात इतका गुंता झाला आहे की कागदावर मांडल्याशिवाय कुठलं टोक कुठलं ते मलाच कळणार नाही.

बावीस वर्षांपूर्वी तुम्हीच मला या सांडपाण्याच्या केंद्रात चिकटवलंत आणि निवृत्त होईपर्यंत इथल्या तपासणीच्या खोलीत बसून माझ्यावर लक्षही ठेवलंत, तेव्हा इथलं सगळं तुम्हाला पाठ आहे. पण हे पत्र मामी मोठ्याने वाचून दाखवणार, म्हणून त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मामी, गावाच्या मोऱ्या, न्हाण्या आणि संडास यांचं पाणी आमच्याकडे एका टोकाने आत शिरतं. ते येणारं पाणी. (ते कसं असतं हे तुम्ही जेवणानंतर विचारा.) ते जाळीतून जातं, टाकीत त्याचा गाळ खाली बसतो, मग त्यात हवा घुसळतात, मग ते वाळूतून गाळतात, शेवटी त्यात क्लोरीन सोडतात, आणि दुसऱ्या टोकाने जे बाहेर पडतं ते जाणारं पाणी. ते प्यायचं नसतं, पण पिकाला चांगलं. आमच्या कुंपणापलीकडे एक मळा आहे. मळा ज्यांचा आहे त्यांना आम्ही कोबीवाल्या बाई म्हणतो. नऊ वर्षं त्या याच पाण्यावर कोबी काढतात. पाणी नळ्यांनी थेंबाथेंबाने मुळाशी सोडायचं, पानांवर उडवायचं नाही, काढणीच्या आधी आठवडाभर बंद ठेवायचं, काम करताना हातमोजे घालायचे, हे सगळे मामांनी घालून दिलेले नियम बाई आमच्यापेक्षा काटेकोर पाळतात.

मग साथ आली. पेपरात छापून आलं की आजारी माणसांच्या पोटातून विषाणूचे तुकडे सांडपाण्यात उतरतात, आणि ते पाणी तपासलं की साथ वाढते आहे की ओसरते आहे ते आधीच कळतं. झालं, आम्हाला हुकूम आला. दर आठवड्याला दोन बाटल्या भरून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायच्या, एक येणाऱ्या पाण्याची आणि एक जाणाऱ्या पाण्याची. लाल टोपण म्हणजे येणारं, निळं टोपण म्हणजे जाणारं. बाटल्या गडद तपकिरी, आतलं काही दिसत नाही. पहिल्या दोन बाटल्या मी स्वतः भरल्या. हातात रबरी मोजे, तोंडावर पट्टी, डोळ्यांवर चष्मा आणि चष्म्यावर माझ्याच श्वासाची वाफ, अशा थाटात भरल्या. प्रयोगशाळेची अट होती की बाटल्या बाहेरून निर्जंतुक केल्याशिवाय त्यांच्या दारात आणायच्या नाहीत, म्हणून क्लोरीनच्या टबात धुतल्या. टोपणांच्या कडेला घाण दिसली, म्हणून दोन्ही टोपणं काढून वेगळी चोळली, फडक्यावर वाळवली, परत लावली आणि चहाला गेलो. (एवढ्या तपशिलात का सांगतोय ते माझं मलाच कळत नाही. पुढे वाचा.)

चौथ्या दिवशी अहवाल आला. आमचे साहेब नवे आहेत, हुशार आहेत, माणूस म्हणूनही भले आहेत, फक्त छापील कागदावर त्यांची अपार श्रद्धा आहे. त्यांनी तो अहवाल सहा वेळा वाचला. येणाऱ्या पाण्यात विषाणूचे तुकडे: नाहीत. जाणाऱ्या पाण्यात विषाणूचे तुकडे: आहेत. म्हणजे गावाने आमच्याकडे निर्मळ पाणी पाठवलं होतं, आम्ही त्यावर पाच ठिकाणी मेहनत घेतली आणि त्यात रोग घालून ते पुढे पाठवलं. मी बावीस वर्षं इथे पाणी साफ करतोय अशी माझी समजूत होती, मामा. संध्याकाळी घरी गेलो तर तुमच्या भाचेसुनेने मला अंगणातच उभं करून बादलीने धुतलं, आणि मला तेही योग्य वाटलं.

दुसऱ्या दिवशी आवारात सभा भरली. दोन-दोन मीटरवर माणसं उभी, सगळ्यांच्या तोंडाला पट्ट्या आणि मागे हवा घुसळायचं यंत्र चालू, त्यामुळे कोण काय बोललं ते कुणालाच नीट ऐकू आलं नाही. तरी सर्वांनी माना डोलावल्या. विषाणू आमच्या वाळूत घर करून बसला असावा, असं एक मत पडलं. क्लोरीन त्याला मानवत असावं, असं दुसरं. कारकुनांनी विचारलं की तुकडेच सापडले ना, मग तुकडे झालेला विषाणू जिवंत कसा? शेवटी मी प्रयोगशाळेतल्या बाईंना फोन लावला. त्यांनी फार समजुतीने सांगितलं की तुकडे म्हणजे पाडलेल्या घराच्या विटा, विटा सापडल्या म्हणून त्यात कुणी राहतंय असं होत नाही, आणि नीट साफ केलेल्या पाण्यातून कुणाला लागण होण्याची शक्यता फारच कमी. मला हायसं वाटलं. मग त्यांनीच विचारलं की पण विटा नुसत्या बाहेर पडताना दिसतात आणि आत जाताना दिसत नाहीत, तर तुमच्याकडे घर बांधून पाडतंय कोण? कुठलंही उत्तर मिळेपर्यंत मळ्याच्या पाण्याची चावी बंद ठेवायची, असं साहेबांनी ठरवलं आणि मी माझ्या हाताने ती बंद केली.

आता कोबीवाल्या बाईंचं सांगतो. कोबीचे गड्डे नुकते धरायला लागलेले, म्हणजे पाणी तोडायची अगदी नको ती वेळ. विहीर नाही, दुसरं पाणी नाही. रोज सकाळी दहाला त्या फाटकातून आत येतात, मान टाकलेलं एक पान माझ्या टेबलावर ठेवतात आणि काही न बोलता उभ्या राहतात. (तुमच्यासारख्याच.) पहिल्या दिवशी पान नुसतं मलूल होतं, तिसऱ्या दिवशी कडेने कागदासारखं झालं. बाजारात त्यांचा माल कुणी हातात घेत नाही, कारण ती बातमी तिथे आमच्या अहवालाच्या आधी पोचली होती. मी त्यांना तुकडे, विटा, वाळू असं सगळं समजावलं आणि शेवटी म्हणालो, बघू. तेव्हा त्या पहिल्यांदा चिडल्या. "पाणी वाईट असेल तर वाईट आहे म्हणा, मी आज पीक उपटून टाकते. माझ्याकडे कामाला येणाऱ्या बायकांना मला जपायचंय. पण बघू म्हणू नका. बघूवर कोबी जगत नाही." अजून चार दिवस, असंही त्या म्हणाल्या. त्यानंतर पाणी सोडलंत काय आणि न सोडलंत काय, सारखंच. मला त्या दिवशी डबा गेला नाही, मामा. ते पान अजून माझ्या टेबलावर आहे, टाकवत नाही.

खरा गोंधळ पुढेच आहे. बाईंची तक्रार साहेबांच्या मनाला लागली (म्हटलं ना, भला माणूस आहे) आणि त्यांनी त्यावर अहवालाला धरून उपाय काढला. येणारं पाणी जर निर्दोष आहे आणि ते बिघडवतोय आपणच, तर आपण मध्ये पडावंच कशाला? टाक्यांना वळसा घालून जाणारी जुनी नळी आहे, तिचं चाक उघडायचं आणि येणारं पाणी थेट कोबीला सोडायचं. कोबी वाचेल, लोकांची भीती जाईल आणि विजेचीही बचत. त्यांनी तसं वर लिहून कळवलं. वरच्यांनी अहवाल पाहिला, लाल-निळं पाहिलं आणि मंजुरी धाडली. सोमवारी सकाळी चाक उघडायचं ठरलं. मी म्हणालो, साहेब, ते येणारं पाणी आहे. ते म्हणाले, हो, निर्दोष. मी म्हणालो, साहेब, ते गावाच्या संडासातून येतं. त्यांनी अत्यंत सौम्यपणे अहवालावर बोट ठेवलं. मला वाटलं, आपणच चुकत असू. छापून आलं आहे ते.

ते चाक चौदा वर्षांत कुणी फिरवलेलं नाही. त्याला तेल देऊन मोकळं करण्याचं काम माझ्याकडे आलं. मला आशा होती की ते गंजून बसलेलं असेल. पण तुमच्या हाताखाली शिकलेल्या माणसांनी जोडलेलं चाक आहे ते, चार थेंब तेल पडल्यावर लोण्यासारखं फिरलं. मी लगेच उलट फिरवून बंद केलं आणि हात धुवायला भांडारखोलीत गेलो. तिथे टबाशेजारच्या दोरीवर ते फडकं अजून तसंच होतं. त्यावर क्लोरीनचे दोन गोल पांढरे डाग होते, शेजारी शेजारी, अगदी सारखे. मी बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभा राहिलो आणि मग घरी येऊन तुम्हाला पत्र लिहायला बसलो.

तर असं सगळं आहे. बाकी विशेष काही नाही. हवा बरी आहे. मामींना जपायला सांगा, बाहेरून आलेलं काहीही धुतल्याशिवाय घरात घेऊ नका, या पत्राचं पाकीटसुद्धा. उत्तराची घाई नाही, पण सोमवारच्या आत आलं तर बरं.

तुमचा आज्ञाधारक
भाचा

ता. क. वर आज्ञाधारक असं लिहिलं आहे, तेवढं तुमच्या हाताने खोडा. कामावर आलो त्या पहिल्याच दिवशी तुम्ही कानावरची शिसपेन्सिल काढून मला दिली होतीत आणि सांगितलं होतंत की नाव बाटलीच्या अंगावर घाल, टोपणावर नको, टोपण कुठल्याही बाटलीच्या डोक्यावर बसतं. मी तेरा वर्षं तसंच केलं. तुम्ही निवृत्त झालात आणि रंगीत टोपणं आली तेव्हा मला वाटलं, आता पेन्सिल कशाला. टोपणं मी बदलली असं मी म्हणत नाही. पण बदलली नाहीत असं मला शपथेवर सांगता येत नाही. दोन्ही बाटल्या सारख्या, चष्म्यावर वाफ, आणि वासाने ओळखावं तर माझं नाक या कामातून केव्हाच निवृत्त झालं आहे.

ता. क. दुसरा. आता मुख्य विनंती. साहेबांना तुमच्या नावाचा दरारा आहे. तुम्ही जर त्यांना चार ओळी लिहिल्यात की अशा प्रकारच्या अहवालात कधी कधी नैसर्गिक कारणांनी येणारं आणि जाणारं यांची अदलाबदल दिसते, त्यात कुणाचा दोष नसतो, तर सोमवार टळेल आणि माझंही निभेल. निवृत्तीला चारच वर्षं राहिली आहेत, मामा. या वयात टबाशेजारी उभा राहून हसं करून घ्यायला मन धजत नाही.

ता. क. तिसरा, शनिवार. पत्र टाकायच्या आधी तुमच्या भाचेसुनेने वाचलं (पाकीट धुवायला घेतलं आणि उघडं होतं). ती म्हणाली, टपालाने पत्र पोचेपर्यंत बुधवार उजाडेल, आणि सोमवारी त्या बाई आणि त्यांच्या कामाच्या बायका गुडघाभर कशात उभ्या असतील ते तूच ठरव. एवढं बोलून तीही गप्प बसली. मी तसाच साहेबांच्या घरी गेलो, फाटकाबाहेर उभा राहून ओरडून सगळं सांगितलं. तोंडावर पट्टी असल्याने तीनदा सांगावं लागलं, आणि तिसऱ्या खेपेला शेजारीपाजारी सगळे खिडक्यांत आले होते. साहेब रागावले नाहीत. त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी विचारलं, म्हणजे मी परवा संडासाचं पाणी कोबीला सोडणार होतो? मी म्हणालो, आपण दोघं सोडणार होतो. मग आम्ही तसेच केंद्रात गेलो आणि नव्या दोन बाटल्या भरल्या. यावेळी टोपणं काढली नाहीत, आणि नावं कुठे घातली ते तुम्हाला सांगायला नको. साहेब स्वतःची गाडी काढून त्या पोचवायला गेले. वरची विनंती रद्द समजावी.

ता. क. चौथा, सोमवार संध्याकाळ. उत्तर आलं. येणाऱ्या पाण्यात तुकडे आहेत, जाणाऱ्यात काही सापडलं नाही. प्रयोगशाळेच्या बाईंनी खाली हेही लिहिलं आहे की सापडलं नाही म्हणून ढिले पडू नका, मोजे, नळ्या, काढणीआधीचा खाडा सगळं तसंच चालू ठेवा. जुन्या नळीच्या चाकाला साहेबांनी साखळी आणि कुलूप घातलं. मळ्याची चावी मी उघडली आणि बाईंना टोपणांचं सगळं सांगितलं, एकदाच, पट्टी खाली करून, दहा पावलांवरून. कडेचे चार वाफे गेले, मामा. ते माझ्यामुळे गेले आणि याचं मला फार वाईट वाटतं, ते तुमच्याशिवाय कुणाला लिहिणार. त्या रागावल्या नाहीत. आधी जाऊन नळ्यांतून थेंब पडतायत का ते पाहून आल्या, आणि मग म्हणाल्या, पुढच्या वेळी बघू म्हणू नका.

ता. क. पाचवा, पुढचा सोमवार. मधल्या वाफ्यांत आधी लावलेले थोडे गड्डे तयार झाले होते, तेवढ्या वाफ्यांचं पाणी आठवडाभर बंद ठेवून बाईंनी त्यातले दोन आज दिले. एक आम्ही शिजवून खाल्ला, मी पहिला घास घेतला आणि तुमची भाचेसून माझ्याकडे तासभर बघत बसली. दुसरा या पत्रासोबत पार्सलने पाठवतोय. (म्हणूनच पत्राचं पार्सल झालं आहे.) धुऊन, शिजवून खावा. त्याच पार्सलमध्ये पाण्याची एक बाटलीही आहे, तुम्ही तुमच्या डोळ्यांनी पाहावी म्हणून. ती पिऊ नका आणि मामींना झाडाला घालू द्या. कुठल्या पाण्याची ते पेन्सिलीने बाटलीच्या अंगावर लिहिलं आहे. कोबीच्या अंगावरही कोबी असं लिहायला गेलो, पण पेन्सिल उठेना, तेव्हा देठाला चिठ्ठी बांधली आहे.

ता. क. शेवटचा. तुमची ती पेन्सिल आता बोटाच्या पेराएवढी उरली आहे. दुसरी पाठवाल का? इथे दुकानात मिळते, तशी नको. तुमच्या कानावरची.